गुरुवार की शनिवार? मेंदूमृत्यू, अवयवदान आणि न झालेली सही

खानापूरकर

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

माझा मामेभाऊ, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. गेल्या आषाढात खानापूरहून बेळगावला येताना देसूरच्या अलीकडं मोटरसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. बेळगावातल्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. दवाखान्याचं नाव विचारू नका. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी मामाला आत बोलावून कन्नडात सांगितलं, "मेदुळु निष्क्रिय आगिदे."

मामाचं कन्नड म्हणजे एपीएमसीत रताळ्याचा भाव ठरवण्यापुरतं. पण ‘निष्क्रिय’ त्याला कळलं, कारण तो शब्द मराठीतही आहे. घोटाळा तिथंच झाला, डॉक्टरांना ‘मेंदू मेला’ असं म्हणायचं होतं. आमच्याकडं निष्क्रिय असते ती ग्रामपंचायत. निवडणूक झाली की परत हलायला लागते. मामा बाहेर येऊन मामीला म्हणाला, "मेंदू सध्या काम करंना झालाय म्हणत्यात. बघूया."

एक वाजता पहिली चाचणी झाली होती. तीनला अवयवदानाच्या कोऑर्डिनेटर बाई आल्या. बोलायला चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. पण दुसरी चाचणी रात्री आठला होती, म्हणजे त्या आल्या तेव्हा पोरगा कागदावर अजून जिवंतच होता. फॉर्म इंग्रजी आणि कन्नडात. भाषांतर मी केलं. मी बीकॉम आहे, ‘ब्रेन स्टेम’ला मराठीत काय म्हणतात हे मला तिथं उभ्या उभ्या कुठून सुचणार? "मेंदूचा मागचा भाग गेलाय" असं काहीतरी बोललो. मामा म्हणाला, "मागचाच गेलाय नव्हं? पुढचा हाय की." आणि काचेतून बोट दाखवलं, "छाती हलतीया बघ."

सही झाली नाही. रात्री आठला डॉक्टर म्हणाले, आता तो गेला आहे. शुक्रवारी मामीनं त्याचं बोट हललेलं पाहिलं. शनिवारी पहाटे हृदय थांबलं. दाखल्यावर तारीख शनिवारची, बिल शनिवारपर्यंतचं.

आता वर्षश्राद्ध आलंय. मामा विचारतो, तिथी कुठली धरू? गुरुवारची दशमी की शनिवारची द्वादशी? आणि गुरुवारीच गेला होता, तर दोन दिवस आपण कुणाला औषध देत होतो? मामी काही विचारत नाही. ती फक्त त्या बोटाबद्दल बोलते.

अनगोळ एक्सप्रेस

वाईट झालं. पण दान करायला पाहिजे होतं की. आठ जण जगले असते.

रातपाळी

@अनगोळ एक्सप्रेस, हे वाक्य पोस्टरवर ठीक आहे. आयसीयूच्या दारात कुणाच्या आईला म्हणून दाखवा एकदा.

भूलवाला

खानापूरकर, मी निपाणीकडचा, भूलतज्ज्ञ. अशा चाचण्या करणाऱ्यांत अनेकदा बसलो आहे. आधी मामींच्या बोटाबद्दल, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

बोट हललं असेल. मामींना भास झाला नाही. मेंदू मेला तरी पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू काही काळ जिवंत असते आणि ती स्वतःच्या हिशेबाने हालचाल करवते. बोट, पायाचा अंगठा, कधी कधी दोन्ही हात वर येऊन छातीशी जुळतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चार्ट खाली पडला होता. पण त्या हालचालीत पोराची इच्छा नव्हती, त्याला वेदनाही नव्हती. नातेवाइकांना हे आधीच सांगायचं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही आमच्या जमातीची चूक.

आता चाचणी. भारतात तपासतात तो ब्रेन स्टेम, म्हणजे मेंदूचा देठ. श्वासाचं केंद्र तिथं असतं आणि जागेपणाची कळही तिथंच. बुबुळावर उजेड टाकतात. डोळ्याला कापसाचं टोक लावतात. घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. कानात बर्फाचं पाणी सोडतात, जिवंत माणसाचे डोळे त्यानं एका बाजूला सरकतात. भुवईच्या हाडावर जोरात दाबतात. आणि शेवटी श्वासाची चाचणी: आधी शंभर टक्के ऑक्सिजन देऊन ठेवायचा, मग व्हेंटिलेटर सोडवायचा, श्वासनळीत बारीक नळीतून ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत उभं राहायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमीच्या वर गेला की मेंदूच्या देठात जरा जरी धुगधुगी असेल तर तो श्वास घेणारच. त्याला ते सोसवतच नाही. नाही घेतला, तर संपलं.

हे सगळं दोनदा, मध्ये कमीत कमी सहा तास. सह्या चार डॉक्टरांच्या: दवाखान्याचा प्रमुख, नामांकित यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूचा डॉक्टर (तो नसेल तर यादीतला भूलतज्ज्ञ किंवा तसा दुसरा कुणी) आणि उपचार करणारा. यातला एकही प्रत्यारोपणाच्या टीमचा नसावा, असा कायदा आहे. मामा म्हणाले "छाती हलतीया", ती यंत्र हलवत होतं. पण हे काचेतून कुणाला कसं दिसणार?

शंकासूर

डॉक्टरसाहेब, सगळं ऐकायला छान. पण ही व्याख्या आली कुठून तेही सांगा. डिसेंबर १९६७मध्ये केपटाऊनला बर्नार्डने पहिलं हृदय बदललं. आठच महिन्यांत हार्वर्डच्या समितीनं ‘परत न येणाऱ्या कोमा’ला मृत्यू म्हणा असं सुचवलं, आणि दोन कारणं स्वतःच लिहून ठेवली. एक, अशा रुग्णांचा घरच्यांवर आणि दवाखान्यांवर पडणारा भार. दुसरं, जुन्या व्याख्येमुळं अवयव मिळवताना वाद होतात. म्हणजे गरज आधी, मरण नंतर.

आपल्याकडं तर कहर. फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यू मानणारा कायदा आला १९९४ला. मधली सव्वीस वर्षं दात्याला काय म्हणायचं? त्याच १९६८मध्ये जपानात साप्पोरोला डॉ. वाडांनी हृदय बदललं, दाता खरंच मेला होता का यावर चौकशी लागली. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास असा उडाला की तिथं कायदा व्हायला १९९७ उजाडलं. मामांनी सही केली नाही यात मला काही अडाणीपणा दिसत नाही.

भूलवाला

अडाणीपणा मलाही दिसत नाही, आणि हार्वर्डचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण एक पान मागं जा. १९५९मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गूलों या डॉक्टरांनी ‘कोमाच्या पलीकडची’ अवस्था लिहून ठेवली होती. तेव्हा माणसाचं हृदय कुणी बदललेलं नव्हतं. व्हेंटिलेटर आला आणि त्यानं ही अवस्था तयार केली. त्याआधी मेंदू गेला की काही मिनिटांत हृदयही जायचं, प्रश्नच पडत नसे. अवयवांची गरज नंतर आली आणि तिनं घाई केली, हे मान्य.

तुमच्या शंकेला मीच आणखी एक कारण देतो. आपल्या भागात चाचणी चुकू शकते ती मण्यारीमुळं. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात लोक जमिनीवर झोपतात, मण्यार चावते, कधी खूणही दिसत नाही. रुग्ण येतो तो लाकडासारखा. बुबुळ उजेडाला हलत नाही, श्वास नाही, काही नाही. अगदी ब्रेन डेड. आणि व्हेंटिलेटरवर ठेवला की काही दिवसांत उठून चहा मागतो! कीटकनाशक प्यायलेल्यांचंही असंच फसवं चित्र दिसू शकतं. झोपेची औषधं चालू असतील, अंग गार पडलं असेल, रक्तदाब खाली असेल, तर चाचणी करायचीच नाही. पहिली अट म्हणजे मेंदूला काय झालं ते ठाऊक हवं. तुमच्या भावाच्या बाबतीत स्कॅनवर ते स्पष्ट असणार. अशा वेळी नातेवाइकांनी ‘कारण काय आणि स्कॅन कुठं आहे’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

रातपाळी

मी बारा वर्षं आयसीयूत रात्रपाळी करतेय. माहेर चिकोडीचं, सासर शहापूरचं, त्यामुळं दोन्ही भाषा घरच्याच.

भाषेबद्दल खानापूरकरांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. ‘मेदुळु निष्क्रिय’ हा शब्द कन्नड पेपरांनी रुळवलाय. रोज वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो, मराठी माणूस फसतो. आणि मराठीत तरी काय दिवे लावलेत? आम्ही नर्सेसच म्हणतो, "ब्रेन डेड झालाय, व्हेंटिलेटरवर जिवंत ठेवलाय." एकाच दमात मेलाही आणि जिवंतही! मग आई म्हणते, ठेवा की मग तसंच. तिचं काय चुकलं? आता मी म्हणते, "तो गेलाय. यंत्रानं फक्त छाती हलते." एकदाच म्हणते आणि गप्प बसते. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

कोऑर्डिनेटरबद्दल: कायद्यानं आयसीयूत विचारायचंच असतं, ते त्यांचं काम आहे. पण मरणाची बातमी देणारं तोंड आणि दान मागणारं तोंड वेगळं हवं, आणि मध्ये वेळ हवा. बातमी पचायच्या आधी मागितलं की माणसाला वाटतं, मागायचं होतं म्हणून मारला. दुसऱ्या चाचणीआधी त्या आल्या हे मला पटलं नाही. त्यांच्याकडं कारणं असतात, रक्तदाब पडत असतो, तासांचा हिशेब असतो. तरी नाही.

चंदगडी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, पण डायलिसिस बेळगावात. आठवड्याला तीन वाऱ्या, दर वेळी चार तास, वर एसटीचे दोन-दोन तास. सव्वाचार वर्षं झाली. दिवसाला पाणी मोजून पितो, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळतो.

नाव पुण्याच्या यादीत आहे, कारण कोल्हापूर जिल्हा पुणे विभागात. माझ्या घरापासून तासाभरावर कुणी दान केलं तर ते मूत्रपिंड आधी कर्नाटकाच्या यादीत जाणार. ते बरोबरच आहे, राज्याराज्यांची पद्धत आहे. २०२३मध्ये केंद्रानं सांगितलं की रहिवासी दाखल्याची अट नको, कुठल्याही राज्यात नाव घाला. पण नाव घातलं तर फोन आल्यावर तासा-दोन तासांत तिथं पोचता यायला हवं, तपासण्या तिथं हव्यात, पैसे तिथं हवेत. योजनांचं तुम्हाला ठाऊकच आहे. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना लागू केली तर केवढा गदारोळ झाला. आजाऱ्याला सीमा कुठं कळते.

२०२३मध्ये सगळ्या देशात मरणोत्तर दाते होते १,०९९. कर्नाटकात १७८. हे आकडे मी पाठ केलेत, परीक्षेला बसल्यासारखे.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मामांवर माझा काही राग नाही. पण समजा त्यांनी अर्धवट समजून सही केली असती आणि ते मूत्रपिंड मला मिळालं असतं, तर मी नाही म्हटलं नसतं. नाही म्हणायची ऐपत नाही माझी. फोन वाजला की पहिल्यांदा वाटतं कुणीतरी गेलं असेल, आणि छातीत आनंद होतो. हे बायकोलाही बोललेलो नाही.

सुमनकाकू_वडगाव

चंदगडी बाळा, त्यात लाजायचं काही नाही रे. भूक लागलेल्याला लग्नाच्या मांडवाचा वास येतोच.

खानापूरकर, आमच्या ह्यांचे डोळे आम्ही दिले. ते घरीच गेले, रात्री. डोळ्यांसाठी मेंदूबिंदू काही नाही, हृदय थांबल्यावर सहा तासांच्या आत दिले की झालं. डॉक्टर घरी आले, वीस मिनिटांत काम झालं, पापण्या मिटलेल्या होत्या तशाच. भावकीतल्या एकीनं ऐकवलं, पुढल्या जन्मी आंधळे जन्माला येतील. मी म्हटलं, मग जाळलेला माणूस पुढल्या जन्मी राख होऊन येतो काय गं? दहाव्याला कावळा लगेच शिवला. आता कावळ्यावरून मी काही सिद्ध करत नाही, पण ती गप्प बसली.

तिथीचं म्हणाल तर, ज्याची तिथी नक्की सांगता येत नाही त्याचं सर्वपित्रीला करायचं, ही आपल्यात वाट आहेच. शास्त्रानं अशा घरांची आधीच सोय करून ठेवलीय.

कॅम्पातला वकील

तिथीचा प्रश्न भावनिक वाटतो, पण तो कायद्यातलाच प्रश्न आहे. मामांनी नेमक्या फटीत बोट घातलंय.

आपल्याकडं मरणाचे दोन अर्थ आहेत. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाची सगळी चिन्हं कायमची नाहीशी होणं. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूच्या देठाचा मृत्यूही मृत्यू, पण तो त्या कायद्याच्या कामापुरता. परिणाम असा: मामांनी सही केली असती, तर पोरगा गुरुवारी रात्री मेला असता. सही नाही, म्हणून शनिवारी. एकच पोरगा, त्याच चाचण्या, तेच डॉक्टर. मरणाची तारीख बापाच्या सहीवर ठरली. मला हे फार दिवस खुपतं. माणूस मेला आहे की नाही हे त्याचा बाप काय देतो यावर ठरत असेल, तर शंकासुरासारख्यांना शंका येणारच.

केरळनं २०२०मध्ये हे वेगळं केलं. दान असो वा नसो, मेंदूमृत्यू त्याच पद्धतीनं जाहीर करायचा. आपल्याकडं दान नसेल तर डॉक्टर यंत्र काढायला घाबरतात. उपचार थांबवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे, जानेवारी २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, आणि जानेवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारनं त्यावर परिपत्रकही काढलं. आता दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानं आणि घरच्यांच्या संमतीनं उपचार थांबवता येतात. पण परिपत्रक तालुक्याला पोचायला किती पावसाळे लागतात ते आपण जाणतोच.

पैशाचंही बोलायला हवं. दानाला होकार दिला की पुढं शरीर राखण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. नियम चांगला. पण नकार दिला की बिल चालू. म्हणजे गरिबाच्या पुढं सहीच्या शेजारी मीटर फिरत असतो. त्याला दान म्हणायचं का?

अपघात असल्यानं पोलिसांचा भागही येतो. पंचनामा, शवविच्छेदन. त्याला बाध येत नसेल तर परवानगी मिळते, पण त्यात तास जातात. खिशात दाता कार्ड असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारतातच, तेव्हा ज्याला द्यायचं आहे त्यानं घरी जेवताना सांगून ठेवा.

शंकासूर

वकीलसाहेब, मीटरचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. माझी शंका डॉक्टरांच्या चाचणीवर होती, ती मण्यारीच्या उत्तरानं निम्मी गेली. उरलेली निम्मी आता बिलाच्या खिडकीवर जाऊन बसलीय.

अनगोळ एक्सप्रेस

माझं पहिलं लिहिणं मागं घेतो. सॉरी खानापूरकर. आमचे बाबा सध्या एका दवाखान्यात आहेत, साधंच ऑपरेशन आहे, पण परवा सही करताना चार पानं इंग्रजी होती. न वाचता केली.

खानापूरकर

सगळ्यांचे आभार. काल धागा मोबाइलवर मामाला वाचून दाखवला. मण्यारीपाशी थांबवून दोनदा वाचायला लावला, कारण त्याच्या चुलत्याला चावली होती आणि तो वाचला होता. गुरुवारी मामाच्या मनात तेच चाललं होतं म्हणे: आमचा काका पण असाच पडला होता. हे तो तेव्हा बोलला नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. सगळे त्याला फॉर्म समजावत होतो.

बोटाचं मामीला सांगितलं. मज्जारज्जू वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी हात धरला ते त्याला कळलं नाही तर." यावर मला काही बोलता आलं नाही. डॉक्टर, यावर तुम्हीही काही लिहू नका.

मामानं मात्र एक काम लावलंय. फॉर्म राहू दे, म्हणाला, नातेवाइकाच्या हातात द्यायला एक मराठी कागद कर, आपल्या बोलीत. खाली मसुदा टाकतोय, चुका काढा.

"तुमच्या माणसाच्या मेंदूचा देठ मेला आहे. देठ तुटलेलं वांगं दोन दिवस ताजं दिसतं, तसं यंत्रामुळं अंग गरम राहतं आणि छाती हलते. हात-पाय हलले तरी ते तो हलवत नाही. याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. दोन्ही चाचण्या होईपर्यंत कुणी तुमच्याकडं काही मागू नये. मागितलं तर नंतर या म्हणा. द्यायचं नसेल तर नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही."

वांग्याचं वाक्य मामाचं आहे. मला ते माणसाबद्दल कसंतरी वाटलं, पण तो म्हणाला, खोडू नको, मला हेच सांगितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

रातपाळी

वांगं राहू दे. ‘निष्क्रिय’ लिहिलं नाहीस ते बरं केलंस. वर एक ओळ घाल: "तुमचा माणूस कशानं गेला ते आधी विचारा, स्कॅन बघायला मागा." आणि मला पाठव, कन्नडात मी करते. आमच्याकडं रामदुर्ग-सौंदत्तीहून येणाऱ्यांना तरी ‘निष्क्रिय’ कुठं कळतंय.

सुमनकाकू_वडगाव

तिथी कुठली धरली रे शेवटी?

खानापूरकर

काकू, भटजींना द्वादशी सांगितलीय, दाखल्याप्रमाणं. मामी दशमीचा उपास धरणार आहे, कुणाला न सांगता. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

भूलवाला

मसुदा बघितला. ‘सहा तासांनी’च्या आधी ‘कमीत कमी’ घाला. आणि ‘पुन्हा करतात’च्या पुढं ‘चार डॉक्टर सही करतात’ हेही येऊ द्या, लोकांना कितीजण ते कळलेलं बरं. प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, तिथं कुणाचा चष्मा जागेवर नसतो.